आईला सपाट गच्ची हवी होती

आमच्या घराचा स्लॅब टाकायचा होता तेव्हा आईने गवंड्याला दोन गोष्टी बजावल्या. गच्ची ताटासारखी सपाट पाहिजे, आणि पाणी जायचं भोक खालून चार बोटं वर पाहिजे.

गवंडी म्हणाला, "वैनी, पाणी तुंबंल."

"तुंबू दे. माझा जवला पाइपात गेला तर तू भरून देशील काय?"

गच्ची तिने हवा खायला बांधलीच नव्हती. जवळा सुकवायला बांधली होती. आमच्या किनाऱ्यावर जिथे बायका पिढ्यानपिढ्या मासळी वाळत घालत, तिथे आता शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात. मला ते मान्य नाही, कधी होणारही नाही. बाबा मोर्च्यांतून आणायचे ती मच्छीमारांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. आता तशी पत्रकं मी लिहिते. वाळवणाची जागा ही कुणाची मेहेरबानी नाही, आमचा हक्क आहे, असं लिहून मी गावभर वाटलं. आईने माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि मान डोलावली.

"बरोबर लिवलंस. पन तवर जवला कुठं सुकवू? तुझ्या कागदावर?"

ओला जवळा उचलायला व्यापारी बंदरावर उभाच असतो, आणि भाव तोच ठरवतो. त्याला न देता जवळा सुकवून माणगावच्या बाजारात स्वतः नेऊन विकायचा, हा आईचा धंदा. त्यात ती कुणाचं ऐकत नाही. गच्चीवर जवळा सुकला नाही तर तिला त्या व्यापाऱ्यासमोर टोपली धरावी लागणार होती. म्हणून तो हट्ट. उतार दिला की जवळा झाडूबरोबर, वाऱ्याबरोबर घरंगळत पाइपात जाणार, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

पावसाळाभर गच्चीचं तळं झालं. पाणी भोकापर्यंत चढायचं तेव्हा कुठे थोडं वाहायचं, बाकीचं तिथेच. शेजारची मावशी तिच्या पडवीतून ओरडायची, "काय गो, गच्चीत कोलंबी सोडलीस काय? मोठी झाली की मना धाड चार!" आई हसायची. मग चुलीच्या वर छताला ओल दिसायला लागली आणि तिचं हसणं थांबलं.

पाऊस ओसरला तशी मी गवंड्याकडे गेले. गरीब माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो आणि त्याच्या माथी असलं काम मारता, असं बरंच बोलले. तो चहा पीत होता. "भाषन नको देऊ. मी काय बोललो व्हतो ते आयशीला इचार," म्हणाला आणि माझ्याबरोबर उठून घरी आला. गच्ची बघून त्याने सांगितलं, भोक खाली घ्यायचं, वर सिमेंटचा नवा कोबा टाकायचा आणि त्याला पाइपाकडे उतार द्यायचा. दुसरा इलाज नाही.

आई जिन्याच्या पायरीवर बसली. "मग ही गच्ची तुमीच घ्या. मना नको."

"आई, किनाऱ्यासाठी मी भांडतेच आहे," मी म्हटलं. "पण छत कुजलं तर भांडून परत यायला घर कुठलं?"

"तू भांड गो. तुला जवला नाय विकायचा."

बाबा पडवीत जाळं सांधत होते. मान वर न करता ते म्हणाले, "दर्यात जवला अडतो ना? मग पाइपात का नाय अडनार?" डोल जाळ्याच्या टोकाला बारीक विणीची पिशवी असते, तिला आम्ही खोला म्हणतो. जवळा अडतो तो तिच्यात. बाबांनी भोकावर बांधायला जुन्या खोल्याचा तुकडा कापला, तेव्हा कुठे आई कोब्याला कबूल झाली.

कोबा झाला. तो पक्का झाल्यावर आईने स्वतः परीक्षा घेतली. मूठभर जुना सुका जवळा उतारावर टाकला आणि वर बादली ओतली. बाबांनी तो तुकडा भोकावर ताणून बांधला होता. सगळा जवळा जाऊन त्याला चिकटला, आणि पाणी पुन्हा तुंबलं.

"झालं समाधान?" आई म्हणाली.

बाबा स्वतःशीच हसले. "खोला असा ताणतात व्हय कधी?" त्यांनी तुकडा सोडला, लांब पिशवी शिवली आणि तिचं तोंड भोकाला बांधून ती पाइपात खाली सोडली. आईने दुसरी बादली ओतली. जवळा पिशवीच्या तळाशी गेला, पाणी चारी बाजूंनी गळून खाली अंगणात पडलं. आईने पिशवी ओढून काढली, उलटी केली, बोटाने चाचपली. झाडू घेऊन गच्ची कोरडी केली.

ऊन कडक झालं तसा बंदरावर जवळा आला. आईने पहाटे तो धुऊन गच्चीभर पसरला. धुतल्याचं पाणी आपोआप पाइपाकडे निघून गेलं. पूर्वी किनाऱ्याच्या वाळूत ते तिथेच मुरायचं आणि खालचा जवळा काळा पडायचा. दुपारी ती वर गेली. जिन्याकडच्या उंच बाजूचा जवळा हातात घेतला तर कुरकुरत होता. पाइपाजवळचा अजून दमट होता. तिने दोन्ही मुठी मला दाखवल्या. मग कठड्यावरून वाकून रस्त्याने चाललेल्या गवंड्याला हाक मारली.

"काय रे, उतार देताना हात आखडलास काय? अजून थोडा दिला असतास तर काय झालं असतं?"