पायरीवर ठेवलेला नैवेद्य

त्या दिवशी लाईट गेली नसती तर आमच्यापैकी कोणीच ते ऐकलं नसतं. कुरुळीत आमच्या घराला लागून भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. वर पत्रा, पुढे सगळ्यांना मिळून एक नळ, आणि आत चाकणच्या कंपन्यांत राबणारी माणसं. अगदी शेवटच्या खोलीत तेव्हा जालन्याकडचं एक ख्रिस्ती जोडपं राहायचं. नवरा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, बायको घरी ब्लाउज शिवायची. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पाच-सहा माणसं प्रार्थनेला जमत आणि पिंपरीहून एक म्हातारे पाळक स्कूटरवरून येत. दार लोटून घेऊन ही मंडळी आतल्या आत गायची. आमचा त्यांना त्रास नव्हता आणि त्यांचा आम्हाला.

उन्हाळा नुकताच लागला होता. पत्र्याखाली पंख्याशिवाय बसवेना, म्हणून ती बाई आमच्या सासूबाईंना विचारायला आली, अंगणात बसलो तर चालेल का. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "बसा की. अंगन काय झिजतंय?"

मी खोल्यांतल्या पोरांना डबे देते, त्यामुळे त्या वेळी दारातच चपात्या लाटत होते. आमचे हे खाटेवर मोबाईल बघत पडले होते. धाकटे दीर फाटकापाशी हाताची घडी घालून उभे राहिले होते, जसं काही चोर मोजायला उभं केलंय. तिसऱ्या खोलीतला बीडचा पोरगा डब्यासाठी थांबला होता. आणि आत्या आमच्या सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत होत्या.

पाळकांचा आवाज बारीक होता. ते रिटायर होण्याआधी कंपनीत इन्स्पेक्शनला होते म्हणे, आणि बोलणंही तसंच, मापात. म्हणाले, देवाला काही वाहायला निघालात आणि आठवलं, की आपल्याच एखाद्या माणसाच्या मनात आपल्याविषयी अढी आहे, तर ते ताट तिथंच ठेवा. आधी त्या माणसाकडे जा, समेट करा, मग या आणि वाहा. येशूनं हे असंच सांगितलंय.

बीडच्या पोराला राहवलं नाही. "पण काका, चूक कुणाची व्हती ते कुणी बघायचं?"

पाळक म्हणाले, "ते विचारलेलंच नाहीये बाळा. अढी कोणाच्या मनात आहे, एवढंच विचारलंय."

लाईट आली, मंडळी आत गेली. बीडचा पोरगा मात्र तिथंच बसून राहिला आणि बाहीनं डोळे पुसायला लागला. गावाकडे मोठ्या भावाशी त्याचं बोलणं बंद होतं. म्हणाला, "वहिनी, उद्या सकाळी पहिला फोन त्यालाच." मला त्याचं फार कौतुक वाटलं, त्याच्या डब्यात एक चपाती जास्त टाकली. दुसऱ्या दिवशी कंपनीत ओव्हरटाइम निघाला. मग आठवडाभर ओव्हरटाइमच चालला. मी विचारलं तर म्हणायचा, "करतो ना वहिनी, एवढा महिना जाऊ द्या." तो महिना काही सरला नाही.

आमचे हे म्हणाले, "छान बोलतो राव म्हातारा," आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरले. दिरांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं. ही माणसं आपल्याला बाटवायला आलीत एवढं त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं होतं, आणि भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठून जाणार? माझं म्हणाल तर मी मन लावून ऐकलं. ऐकता ऐकता सारखं वाटत होतं, हे माझ्या नणंदेनं ऐकायला हवं होतं.

आत्यांनी जेवताना एकच गोष्ट विचारली. "ताट तितंच ठिवायचं म्हंजी नेमकं कुटं गं? देवळात, का भाईर?"

मला हसू आलं. म्हटलं, "आत्या, ते बोलायचं असतं तसं. खरंच कोणी ठेवत नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि भाताला लागल्या.

आता आत्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मागच्या बाजूला त्यांच्या धाकट्या जावेचं घर आहे. मी त्यांना धाकट्या आत्या म्हणायचे, म्हणजे जेव्हा म्हणायची सोय होती तेव्हा. त्यांच्या घरची गावात जायची वाट पिढ्यानपिढ्या आमच्या अंगणातून होती. सासरे गेले, जमिनीची मोजणी झाली आणि ती वाट आमच्या हद्दीत निघाली. आत्यांनी तिथं खोल्यांची रांग उभी केली आणि शेवटची खोली नेमकी त्या वाटेवर आली. कायद्यानं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. वर्षभरात धाकटे सासरे वारले. त्यांची तिरडी अंगणातून जाऊ शकली नाही. ती शेजारच्या कंपनीच्या कंपाउंडला वळसा घालून, गेटवर लागलेल्या ट्रेलरच्या रांगेतून नेली. पुढचा माणूस हात दाखवून गाड्या थांबवत होता. धाकट्या आत्या दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं, येणं-जाणं, सगळं तुटलं. कोणी विषय काढला की आत्यांचं एकच उत्तर ठरलेलं असे, "मोजनीत माझं निगालं. माझी चूक दावा."

चैत्रात आमच्या गावदेवाची यात्रा असते. घरोघरी पुरणपोळी होते आणि घरातली थोरली बाई देवळात नैवेद्य घेऊन जाते. पुरुष सगळे बैलगाडा शर्यतीच्या घाटावर गेले होते, तिकडचा भोंगा गावभर ऐकू येत होता. मी आत्यांच्या मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते. देवळाच्या पायऱ्यांशी आत्या थांबल्या. मला वाटलं, दम लागला. त्यांनी खाली वाकून नैवेद्याचं ताट पायरीवर ठेवलं, वरचं फडकं नीट केलं आणि मला म्हणाल्या, "हितं बस. कावळं येऊ देऊ नगंस."

"आत्या, कुठं निघालात?"

"धाकटीकडं."

मी ज्याला बोलायची पद्धत म्हटलं होतं, त्याची ही माझी सासू अख्खा महिना तयारी करत होती. तिनं ताट म्हणजे ताट ऐकलं होतं आणि जा म्हणजे जा. पदर डोक्यावरून घेऊन, कंपाउंडच्या वळशानं त्या एकट्या चालत गेल्या. मी पायरीवर बसून राहिले. येणारीजाणारी बाई विचारायची, "नैवेद्य असा उघड्यावर का गं?" मी सांगायचे, आत्या येताहेत. मला भीती वाटत होती. धाकट्या आत्यांनी चार बायकांसमोर त्यांना हाकललं तर त्या वयात ते सोसणार कसं? आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की माझ्यासमोर काहीतरी फार मोठं चाललंय आणि मी नुसती कावळे हाकलतेय.

आत्या परत आल्या त्या उन्हानं लाल होऊन. म्हणाल्या, "दार न्हाई उगाडलं. आत व्हती. भांड्याचा आवाज आला."

मी तांब्या पुढे केला. त्या पाणी प्यायल्या.

"मग आता नैवेद्य दाखवू या का?"

"कसा दावायचा? तिच्या मनात हायेच अजून." त्यांनी ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. "गाईला घाल. देवाचं न्हाई झालं ह्ये."

यात्रेच्या दिवशी आमच्या घरचा नैवेद्य देवाला पोचला नाही, ही बातमी घाटावरच्या शर्यतीच्या निकालाआधी गावभर झाली. दीर संध्याकाळी पेटूनच आले. "त्या खोलीवाल्यांनी म्हातारीला फिरवलं. उद्याच्या उद्या खोली खाली करा त्यांची."

आत्या म्हणाल्या, "व्हय, ती खोली खाली करायचीच हाय. मोडायची हाय. वाटंवर तीच येती."

हे बोलले, दीर बोलले, मोजणीचे कागद निघाले. आत्या शांतपणे म्हणाल्या, "मोजनी बरूबर हाय. तिचं मन बी बरूबर हाय. काय करू?" मुलगे आईपुढे कितीही मोठे झाले तरी घर तिच्या नावावर होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः त्या जोडप्याकडे गेल्या, मी बरोबर होते. त्या बाईला दारात बसवून त्यांनी सगळं सांगितलं. वाट, तिरडी, ताट, न उघडलेलं दार. शेवटी म्हणाल्या, "तुमचीच खोली जाती बघ. गोठा मोकळा हाय, त्याला गिलावा करून देते. राहशील का?"

ती बाई आधी हसली, मग रडायलाच लागली. म्हणाली, "मावशी, आम्ही हे पाळण्यात होतो तवापासून ऐकायलोत. माझ्या सख्ख्या बहिणीशी मी बोलत नाही. दर रविवारी ऐकते अन् घरी येऊन मशीनवर बसते. असं उठून जायचं असतंय हे मला ठाऊकच नव्हतं." आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मला कळेना यात कोणी कोणाला शिकवलं.

पाळक आले तेव्हा खोलीच्या जागी नुसतं उजेडाचं भगदाड होतं. पलीकडे धाकट्या आत्यांच्या घराचं दार दिसत होतं. त्यांनी विचारलं, त्या बाईनं सांगितलं. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसून तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी आयुष्यभर हे सांगत आलो. आज मला काही सांगायचं नाही. आज नुसतं बसू." आणि खरंच, ती मंडळी गोठ्याच्या दारात गुपचूप बसून राहिली. आत्या पाणी घेऊन गेल्या. "सांगितलं तुमीच, आन आता तुमीच गप?" पाळकांनी त्यांना हात जोडले. आत्या इतक्या संकोचल्या की तांब्या तिथंच टाकून घरात आल्या.

वाट मोकळी झाली तरी तिच्यावरून कोणी आलं नाही. धाकट्या आत्या पूर्वीसारख्याच कंपाउंडच्या वळशानं जात. आत्या रोज सकाळी ती वाट झाडून काढत आणि पाणी मारत. दिरांनी त्यावरून टोमणे मारले, मग तेही कंटाळले. मीही मनातून म्हणत होते, आता पुरे. केलं ना आपण आपल्याकडून? पण आत्यांच्या हिशेबात आपल्याकडून असं काही नव्हतंच. मी त्यांना झाडताना बघायचे आणि वाटायचं, आम्ही सगळ्यांनी एकाच संध्याकाळी, एकाच अंगणात, तेच शब्द ऐकले होते. माझ्यात ते कुठं गेले? ह्या बाईत काय होतं म्हणून ते असे रुजले? मी तिच्याबरोबर एका चुलीवर इतकी वर्षं काढली आणि तिच्यात हे आहे हे मला माहीत नव्हतं. याचा मला धाकही वाटायचा आणि आनंदही.

मग एके सकाळी, आत्या झाडत असतानाच, धाकट्या आत्या त्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. मी नळावर होते. कळशी भरून वाहत होती तरी मी नळ बंद केला नाही, आवाज होईल म्हणून.

त्या म्हणाल्या, "बाई, ह्यास्नी हितून न्यायचं व्हतं."

मला वाटलं आता मोजणी निघणार. आत्यांनी केरसुणी खाली ठेवली. "व्हय. हितूनच न्यायला पायजे व्हतं. म्या वाट अडवली."

धाकट्या आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माझं मन न्हाई निवळलं. खोटं कशाला बोलू? पर देवाला उपाशी ठिवू नका माझ्यापायी. लोक मला बोलत्यात."

"त्यो थांबंल," आत्या म्हणाल्या. "त्येनंच तर मला आदी तुज्याकडं धाडलंय."

हे कोणत्या देवाविषयी म्हणाल्या, आमच्या देवळातल्या की गोठ्यात ज्याची गाणी चालतात त्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांना तो प्रश्न कळला असता असंही वाटत नाही.

धाकट्या आत्यांनी झाडलेल्या, ओल्या वाटेकडे पाहिलं. मग पायातल्या चपला काढून त्यांनी हातात घेतल्या आणि त्या वाटेवरून चालत आमच्या अंगणात आल्या.

"पुरण कवा घालायचं त्ये सांगा," त्या म्हणाल्या. "वाटायला मी येते."