बाईसाहेबांची हजेरी

वहिनी चिडल्या की त्यांचं मशीन जोरात चालतं, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळपासून मशीनचा असा काही आवाज येत होता, की शेजारचा चष्मेवाला दोनदा डोकावला आणि काही न विचारताच परत फिरला.

कारण फोन. धाकट्या दिराचा. "वहिनी, आम्ही संध्याकाळी येतोय. कुत्रीला न्यायला."

न्यायला! जणू इस्त्रीला टाकलेले कपडे. वहिनींनी फोन ठेवला आणि रागाच्या भरात सोफ्याचं कव्हर उलट बाजूनं शिवून टाकलं. मग ते उसवत बसल्या, आणि टाक्यागणिक दिराचं एकेक आठवत गेलं.

गल्लीच्या तोंडाशी वहिनींचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. घरात लिफ्ट दुरुस्त करणारा, मोजकंच बोलणारा नवरा आणि कॉलेजात जाणारी, अजिबात मोजकं न बोलणारी मुलगी. कुत्रं पाळायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कापडावर कुत्र्याचा केस दिसला तरी वहिनींच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

हौस होती ती दिराला आणि जावेला. पुतणीच्या वाढदिवसाला त्यांनी मेंढ्या राखणाऱ्या जातीचं काळंपांढरं पिल्लू आणलं. "सगळ्यात हुशार जात असते ही," असं जाऊ येईल त्याला सांगायची. हुशारी हवी होती, पण फोटोपुरती. पुढच्या वाढदिवसाला अंगणभर धावणारी पोरं कुत्रीनं टाचांना नाक लावत लावत एका कोपऱ्यात गोळा केली आणि समोर राखण करत बसली. कुणाला साधा ओरखडा नाही. पण पोरं रडली, त्यांच्या आया ओरडल्या, आणि कुत्रीचं डोकं फिरलंय असा निकाल जावेनं देऊन टाकला. आता जिच्या रक्तात पिढ्यानपिढ्या कळप राखायचं काम, तिनं काय तुमच्या दिवाणखान्यात शोभेला बसायचं होतं?

"चार दिवस ठेवा, वहिनी," असं म्हणून दीर तिला सोडून गेला. ते चार दिवस तीन वर्षं पुरले. घर तासाभराच्या अंतरावर, पण एकदा म्हणून कुणी फिरकलं नाही. कधी पोरीची परीक्षा, कधी गाडी गॅरेजमध्ये.

पुतणीनं ठेवलेलं इंग्रजी नाव दुकानात कुणाच्या जिभेला वळेना. तिचा रुबाब बघून नवरा तिला बाईसाहेब म्हणाला, आणि तेच नाव राहिलं. बाईसाहेब महिन्याभरात कामाला लागल्या. टेप म्हटलं की टेप, बॉबिन म्हटलं की बॉबिन, बरोबर तेच तोंडात धरून आणायच्या. रंग ठरत नाही म्हणून दुकानभर भटकणाऱ्या गिऱ्हाइकाला ती खांद्यानं हळूहळू रेटत टेबलाशी आणून उभं करायची. वहिनी गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "ठरवून टाका आता, त्याशिवाय ती सोडायची नाही."

खोड एकच. संध्याकाळी ताटली भरून समोर ठेवली तरी घरातलं माणूस न् माणूस आत आल्याशिवाय ती तोंड लावायची नाही. नवरा कुठल्या इमारतीत अडकला की हीसुद्धा उपाशी. सगळे आले की एकेकाच्या गुडघ्याला नाक टेकवायचं, मग दारापर्यंत जाऊन गल्लीत एकदा लांबवर बघायचं, आणि मग जेवायचं. "बाईसाहेब हजेरी घेतायत," मुलगी म्हणायची. दारातलं ते बघणं म्हणजे दुकानाची राखण, अशी वहिनींची खात्री होती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

मुलीनं यातलं थोडंफार मोबाईलवर टाकलं. लोकांनी भरभरून कौतुक केलं. आणि नेमकं तेव्हाच जावेला आठवलं की कुत्री आपली आहे.

संध्याकाळी गाडी गल्लीच्या त्या टोकाला थांबली. बाईसाहेब तेव्हा मुलीबरोबर फिरायला गेल्या होत्या. दीर, जाऊ आणि आता खांद्याला लागलेली पुतणी दुकानाशी आले.

"ताई, खूप सांभाळलंत हं तुम्ही," जाऊ म्हणाली. "आता आमच्याकडे लॉन झालंय. मोकळी धावेल तरी. इथं बिचारी कापडात कोंडलेली."

"बिचारी?" वहिनींच्या हातात कात्री होती, ती नवऱ्यानं हळूच काढून घेतली. "बिचारी तेव्हा होती, दारात टाकून गेलात तेव्हा! आठवडाभर अन्नाला शिवली नाही. तेव्हा कुठं होतं तुमचं लॉन?"

"वहिनी, पण मुळात ती आमची," दीर चाचरत म्हणाला.

"मुळात ती तिच्या आईची!"

तेवढ्यात गल्लीच्या मध्यावर मुलगी आणि बाईसाहेब दिसल्या. दीर म्हणाला, "मग असं करू. तिलाच ठरवू दे ना. आम्ही गाडीपाशी उभे राहतो, तुम्ही इथून हाक मारा."

"ठरवू दे!" वहिनी ताडकन म्हणाल्या. निकाल त्यांच्या खिशातच होता.

"अगं, पण ती..." नवऱ्यानं तोंड उघडलं.

"तुम्ही मध्ये पडू नका!"

तिघं गाडीपाशी जाऊन उभे राहिले, आणि मध्यावर थांबलेल्या मुलीनं पट्टा सोडला. त्या टोकाकडून पुतणीनं ते इंग्रजी नाव घेतलं, या टोकाकडून वहिनींनी "बाईसाहेब!" अशी हाक दिली. कुत्री क्षणभर थबकली. मग बाणासारखी पुतणीकडे सुटली.

"बेइमान!" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

पण कुत्री पुतणीपाशी थांबलीच नाही. तिच्या मागं गेली आणि टाचेला नाक लावलं. पुतणी दोन पावलं पुढं आली. मग जावेच्या मागं. जाऊ किंचाळली आणि चालू लागली. मग दीर. मग मुलीला त्यांच्यात सामील करून घेतलं. कुणी बाजूला सरकलं की वळसा घालून कुत्री त्या बाजूला हजर. बघता बघता सगळी वरात दुकानात शिरली. दारात उभ्या वहिनींच्या पोटरीला डोक्यानं रेटून तिनं त्यांनाही आत घेतलं, नवऱ्यालाही.

"तेच सांगत होतो," नवरा म्हणाला. "तिला निवडता नाही येत. गोळा करता येतं."

जाऊ धापा टाकत कापडाच्या ताग्यावर टेकली. बाईसाहेबांनी प्रत्येकाच्या गुडघ्याला नाक टेकवलं. सहा माणसं, सहा गुडघे. मुलीनं सवयीनं ताटली पुढं केली. आता ही दाराकडे जाईल, म्हणून वहिनी वाटेतून बाजूला झाल्या.

ती गेलीच नाही. दाराकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. सरळ ताटलीत तोंड घातलं आणि जेवायला लागली.

वहिनी बघत राहिल्या. तीन वर्षं, रोज संध्याकाळी, दारात जाऊन ती काय बघत होती ते त्यांना आत्ता कळलं. राखण कसली, हजेरीत तीन माणसं कमी भरत होती.

"बघा ताई, आम्हाला विसरली नाही ती," जाऊ खुशीत म्हणाली. "मग नेऊ ना?"

वहिनींचं मस्तक फिरलं. "ती विसरली नाही! आणि तुम्ही? ही रोज तुमच्यासाठी दारात जाऊन बघत होती, आणि तुम्हाला तासाभराचा रस्ता जड झाला! न्या की! मग उद्यापासून तुमच्या त्या लॉनच्या फाटकाशी उभी राहून आमच्यासाठी बघत बसेल."

"काकू, ती रोज आमची वाट बघायची?" पुतणीनं विचारलं. पोरगी खाली बसली आणि तिनं कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. जाऊ ताग्याचं टोक उगाचच सरळ करू लागली.

दिरानं ताटली कुत्रीच्या आणखी जवळ सरकवली. मग म्हणाला, "राहू दे तिला इथंच, वहिनी."

"वा! मोठे उपकार केलेत! ती इथंच राहणार, ते तुम्ही सांगायला नको. पण तुम्ही तिघांनी दर रविवारी संध्याकाळी इथं यायचं. परीक्षा असो, नाहीतर गाडी गॅरेजमध्ये असो!"

"येतो, वहिनी."

"येतो म्हणून नुसती मान हलवू नका, भावजी!" वहिनी मशीनवर जाऊन बसल्या आणि पाय मारायच्या आधी पुन्हा वळून ओरडल्या, "आणि वेळेवर या. तुम्ही आल्याशिवाय ती जेवायची नाही!"