शेठचं गढूळ इन्सुलिन

आमच्या देवपुरातल्या घरी एका सकाळी शेठने मोरीच्या कोपऱ्यात मुतून ठेवलं, आणि अर्ध्या तासात तिथे मुंग्यांची ही मोठी रांग! शेठ म्हणजे आमचा बोका. नव्वदीची सुरुवातीची वर्षं, मी धुळ्यात बारावीला होते.

आधी आम्ही हसलो. पण शेठ दिवसभर पाणी पीत होता, भरपूर खाऊनही वाळत चालला होता... शेवटी नानांनी त्याला पिशवीत घातलं, पिशवी सायकलला अडकवली आणि जनावरांचा दवाखाना गाठला. नाना म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे.

दवाखान्यात सगळ्या म्हशी नि बैल. मांजराला डायबेटिस झालाय म्हटल्यावर रांगेतले एक आबा पोट धरून हसले. डॉक्टर मात्र तरुण होते, हौशी होते. माणसांचंच इन्सुलिन देऊन बघू म्हणाले, दिवसातून तीनदा. आणि तो कधी लटपटला तर आधी हिरड्यांना साखर चोळायची, हेही बजावलं.

झालं, नानांची ड्यूटी सुरू! मधल्या सुट्टीत सायकल हाणत घरी यायचं, काचेची सिरिंज उकळायची, शेजारच्या काकूंच्या फ्रिजमधून बाटली आणायची. सुई टोचताना त्याला म्हणायचे, "झालं हं राजा, झालं." आम्हा भावंडांना कधी राजा म्हटलेलं आठवत नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या बोक्याचा हेवा वाटायचा.

कारण एरवी नाना म्हणजे जमदग्नी. अर्ध्या मार्काची चूक त्यांना खपायची नाही, आणि थाप मारलेली तर मुळीच नाही.

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता दुसरं इन्सुलिन देऊ, जास्त वेळ टिकणारं. दिवसातून दोनदा पुरेल. चिठ्ठी आणायला नानांनी मला पाठवलं. डॉक्टरांनी लिहून देता देता समजावलं की ही बाटली दुधाळ असते, दर वेळी तळहातांत हलकेच घोळवायची आणि मगच औषध ओढायचं. मी आपलं हो हो केलं.

येताना पांझरा नदीच्या पुलावर मैत्रीण भेटली. मग बर्फाचा गोळा, मग गप्पा... मेडिकलमधून बाटली घेऊन घरी आले आणि नानांना एवढंच सांगितलं, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट. बाकीचं साफ डोक्यातून गेलं.

आठवड्याभरात शेठ पुन्हा खंगायला लागला. मुंग्या पुन्हा हजर! डॉक्टरांनी दोनाचे तीन केले, तिनाचे चार केले. नानांचं जेवणावरचं लक्ष उडालं. नवं औषध शेठला मानवत नाही, आता हा काही राहत नाही, असं ते आईला म्हणाले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी.

एक दिवस नाना पेपर तपासायला जळगावला गेले. सकाळचं इंजेक्शन माझ्याकडे. बाटली हातात घेतली आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं... घोळवायचं! छान घोळवली, दुधासारखी पांढरी झाली, चार युनिट भरून दिले. वर स्वतःवर खूशही झाले.

दुपारी शेठ लटपटत स्वयंपाकघरात आला आणि धाडकन आडवा झाला. पाय थरथरत होते, डोळे उघडे पण नजर नाही.

आई घाबरली की तिची माहेरची अहिराणी बाहेर पडायची. "बठ्ठी साखर लई ये वं!" ती ओरडली. सगळी आण म्हणाली, म्हणून मी डबाच उचलून आणला. आईने साखर पाण्यात कालवली आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत राहिली... किती वेळ कोण जाणे. मग त्याची जीभ हलली. "जित्ता शे... जित्ता शे!" म्हणत आई रडायलाच लागली. मीही.

संध्याकाळी नाना आले, आणि चहासुद्धा न घेता शेठला घेऊन निघाले. मी मागोमाग. डॉक्टर दवाखान्यामागेच राहायचे. त्यांनी विचारलं, औषध ओढता कसं?

नानांनी नीट सांगितलं. आमच्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचे, हंडा हलू द्यायचा नाही, वरचं निवळ तेवढं घ्यायचं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तेव्हा नानांनी तेच केलं. बाटली तिरकी धरून, मुळीच न हलवता, वरचं निवळ अलगद ओढायचे. गाळ कशाला त्या मुक्या जिवाच्या अंगात, म्हणून.

डॉक्टर उखडलेच. "अहो सर, तो गाळ म्हणजेच औषध! इतके दिवस नुसतं पाणी टोचलंत. उरलेलं घट्ट होत गेलं आणि आज त्याचेच चार युनिट गेले!" मग माझ्याकडे वळले. "मी हिला सांगितलं होतं ना, घोळवून घ्यायचं म्हणून?"

आता नाना बघतील माझ्याकडे... सगळ्यांसमोर...

नानांनी पाहिलंच नाही. "सांगितलं होतं तिने," ते म्हणाले. "मीच विसरलो."

परतताना ते सायकल हातात धरून चालत होते, शेठची पिशवी माझ्या खांद्याला. पुलावर मी कसंबसं तोंड उघडलं, "नाना, मी..." तर म्हणाले, "पिशवी नीट धर, हिसका बसतोय त्याला." बस्स. तो विषय घरात पुन्हा कधीच निघाला नाही.

डॉक्टरांनी नवी बाटली दिली, दोन युनिटपासून पुन्हा सुरुवात केली. शेठ पुढे चांगली तीन वर्षं जगला, पोट सुटेपर्यंत. आळीत मात्र नानांची चेष्टा व्हायची, गणिताच्या मास्तरला औषध ओढता येईना! नाना ऐकून घ्यायचे. मी तिथेच उभी असायचे, आणि गप्प असायचे.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहूनच गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे... नाना, तुम्ही काही विसरला नव्हता. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.