हेल्मेटभाऊंचे कान

हेल्मेटभाऊंची आणि माझी पहिली भेट जमिनीपासून पंचवीस फूट उंचीवर झाली. माझ्या अंगावर त्या वेळी फक्त टॉवेल होता. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बाथरूममध्ये, एका गालाला फेस लावून मी उजेडासाठी खिडकी उघडली, तर समोर हवेत एक माणूस तरंगत होता. साधारण लहान हत्तीएवढा. कमरेला अंदाजे सातशे कड्या, दोनेक मैल दोर, डोक्यावर नारिंगी हेल्मेट आणि हातात वाघासारखी गुरगुरणारी मशीनची करवत. मी किंचाळणार, तेवढ्यात त्यांनीच करवत बंद केली.

"झाडाखाली उभं राहू नका."

"अहो, मी माझ्या बाथरूममध्ये उभा आहे!"

"बाकीचे तुम्ही बाथरूममध्ये आहात. डोकं माझ्या हद्दीत आलंय. आत घ्या, नाहीतर हेल्मेट घाला."

आणि खरोखरच खालून दोराला बांधलेलं एक हेल्मेट वर आलं. उरलेली दाढी मी ते घालून केली.

झाडं छाटणं हा त्यांचा धंदा. पण एका फांदीसाठी त्यांना बोलावलं, तर अर्धा दिवस ते नुसते झाडाभोवती फिरणार, खोडावर टकटक करणार, लाल-पांढरी पट्टी बांधणार आणि फॉर्म भरणार. आमचा वॉचमन एकदा ती पट्टी ओलांडून आत गेला. त्याला खुर्चीवर बसवून त्यांनी पाऊण तास प्रशिक्षण दिलं. तेव्हापासून तो बिचारा बायकोला पंख्याखालीही उभं राहू देत नाही. दोराला एक जोराचा हिसका बसला, की भाऊंच्या लेखी तो दोर मेला. लगेच त्याचे हातभर तुकडे करायचे, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी त्यावर चढायला नको. "तुटण्याआधी दोर सांगायला येत नाही हो," असं म्हणताना त्यांचा चेहरा सुतक असल्यासारखा होतो.

हेल्मेट वर पाठवणाऱ्या बाई म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी. झाडावर एकट्याने चढायचं नाही, खाली सुटका करू शकणारं प्रशिक्षित माणूस हवंच, असा कायदा आहे. भाऊ वर अडकले, तर वहिनी दोराने चढून त्यांना उतरवू शकतात. नवऱ्याला जमिनीवर आणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पण त्याचं सरकारी प्रमाणपत्र असलेल्या या एकट्याच.

दोघांचं काम हाकेवर चालतं. वरून भाऊ ओरडतात, "फांदी येतेय!" खाली सगळं नीट बघून वहिनी ओरडतात, "मोकळं!" तो "मोकळं" कानावर पडल्याशिवाय भाऊ काडीसुद्धा सोडत नाहीत. एकदा वहिनींना शिंकांवर शिंका आल्या, तर हा माणूस अर्धवट कापलेली फांदी दोराने बांधून चार मिनिटं तसाच लटकून राहिला.

घरी मात्र उलटा कारभार. "अहो, भाजी आणता का?" ओ नाही. "अहो, दूध उतू जातंय!" ओ नाही. फार झालं की भाऊ कानाला हात लावून केविलवाणं हसत. "बावीस वर्षं करवत चालवतोय गं. खाल्ले कान तिने." वहिनींना ते खरं वाटे. मग त्या मोठ्याने बोलत आणि शेवटी पिशवी घेऊन स्वतःच बाजारात जात.

यंदा परवान्याचं नूतनीकरण आलं. त्या फॉर्मवर खाली काम करणाऱ्यालाही सही करावी लागते. सहकाऱ्याच्या प्रकृतीत काही उणीव आढळली असेल तर ती लिहायची, लपवली तर गुन्हा. वहिनींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. घरी हाकेला ओ देत नाहीत." तिसऱ्या दिवशी फॉर्म परत आला, सोबत कार्यालयाचं पत्र : कानांची तपासणी होईपर्यंत झाडावर चढू नये.

भाऊ थेट माझ्याकडे आले. जिना चढताना कठडा धरला होता, म्हणजे मनःस्थिती ठीक असावी. पण खुर्चीत बसले आणि रडवेले झाले.

"कान चांगले आहेत हो माझे."

"मग काळजी कसली? पास व्हाल!"

"पास झालो तर घरी काय तोंड दाखवू? आणि नापास झालो तर झाड गेलं."

"थोडंसंच नापास होता येत नाही का?"

ते ताडकन उठले. "तपासणीत खोटं बोलू? फॉर्मवर?"

"घरी बोललात ते?"

"घरी फॉर्म नव्हता."

मी हसलो. ते हसले नाहीत. "हिला दोन रात्री झोप नाही," ते खाली बघत म्हणाले. "म्हणते, एखाद्या दिवशी मी खालून 'थांबा' म्हणून ओरडले आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही तर? अहो, तिचा आवाज मला करवतीच्या वरतीसुद्धा ऐकू येतो. पण आता सांगू कसं?"

सांगितलं नाहीच. तपासणीला मीही गेलो. भाऊंना काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर वहिनी पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. आत भाऊ डोळे मिटून, फासावर चढल्यासारखा चेहरा करून, अगदी प्रामाणिकपणे दर वेळी बटण दाबत होते.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "करवत चालवतात ना हे? इतके उत्तम कान मी शाळकरी पोरांचेही पाहिले नाहीत. कान झाकणारे इअरमफ अगदी नेमाने घालत असणार."

वहिनी उठल्या आणि लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिथून त्या काय पुटपुटल्या, मला काही कळलं नाही.

"ओ!" भाऊ ओरडले.

वहिनी वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ घट्ट मिटलेले होते. हसू दाबायला की राग, देव जाणे. परत येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंचं पेन मागून घेतलं आणि फॉर्मवर दुरुस्ती केली, "ऐकू येते. मुद्दाम ओ देत नाहीत." शेजारी सही केली, तारीख घातली आणि फॉर्म नवऱ्यापुढे सरकवला.

"खरं असेल तर करा सही."

भाऊंनी दोनदा वाचून सही केली.

परवाना एक वर्षाने वाढवून मिळाला. भाजी आता भाऊ आणतात.