हिरव्या बॉनेटवरचे खड्डे

गॅरेजमध्ये मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. बरेच दिवस मी स्वतःची अशीच समजूत घालत होतो.

शारजात आमच्याकडे एक जुनी अमेरिकन मसल कार आली होती. लांब नाक, दोन दारं, आणि खोर फक्कानच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उभी राहून गंजलेली. मालक तिथलाच अरब. गाडी त्याच्या वडिलांची, त्यामुळे रंगही त्याला तोच हवा होता, गडद हिरवा. पत्रा ठोकून सरळ करणं माझं काम. रंग मारायचा आमचा दादा, गुहागरकडचा. मी साताऱ्याचा. आम्ही एकाच खोलीत राहतो.

रंगाच्या दिवशी मी बूथच्या, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीच्या, दाराशी दुसऱ्या एका गाडीची करकरणारी दारं बघत होतो. गिऱ्हाईक 'यल्ला, यल्ला' करत, घाई लावत डोक्यावर उभं. मी दारांच्या रबरांवर सिलिकॉनचा स्प्रे मारला. ओल्या रंगाजवळ तो मारायचा नसतो. त्याचे कण हवेतून आले तरी रंग तिथून मागे सरतो आणि खड्डे पडतात. हे मला माहीत होतं.

थोड्याच वेळात हिरव्या बॉनेटवर खड्डे उठले, माशाच्या डोळ्यांसारखे. फोरमनने ते पाहिले आणि मग दादाच्या डोक्याकडे पाहिलं. दादा रोज केसांना खोबरेल चोपडायचा, आणि तेलाचा थेंब रंगात पडला तरी असेच खड्डे पडतात.

"पूरा नारियल का पेड़ लेके बूथ में घुसता है," फोरमन म्हणाला.

"टोपी पहना था," दादा म्हणाला.

"टोपी को भी तेल पिलाया होगा."

सगळे हसले. मीही हसलो. स्प्रेचा डबा मी कचऱ्यात खोल दाबून टाकला.

रंग घासून काढावा लागला. तो पुन्हा मारायच्या आधी दादा सलूनमध्ये जाऊन डोकं चकोट करून आला. या वेळी बॉनेट आरशासारखं निघालं. निघणारच. डबा नव्हता, आणि बूथ मी गुपचूप पुसून काढला होता.

"देखा? तेल ही था," फोरमन म्हणाला. दादाने मान हलवली. त्यालाही ते पटलं होतं.

संध्याकाळी त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे बाप गेला की मुलगा केस उतरवतो. दादाच्या म्हाताऱ्या बापाने पोराचं डोकं पाहिलं आणि फोन सुनेच्या हातात दिला.

"बाबा म्हणतायत, त्याला सांग, मी अजून आहे," वहिनी म्हणाली.

दादाने कामाचं कारण सांगितलं, पण ते कोणाला पटेना. त्यानंतर तो रोज फोन लावायचा आणि म्हातारा उठून ओटीवर जाऊन बसायचा.

मला एका जागी बसवेना. सरळ झालेला पत्राही मी ठोकत राहायचो. ताटावरून मध्येच उठायचो.

"तुला काय मुंग्या चावतायत?" दादा विचारायचा.

एका रविवारी कांदा चिरताना तो म्हणाला, "माझ्या तेलापायी बाबा दुखावले."

"तेल नव्हतं," मी म्हणालो. "सिलिकॉन होतं. मी मारलेलं."

सुरी थांबली. "मी डोकं भादरायला गेलो, तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"हसलास पण तू."

त्याने फोन लावून माझ्यासमोर धरला. "फोरमनला उद्या सांग. आधी इथे सांग."

वहिनीने फोन ओटीवर नेला. म्हातारा तोंड फिरवून बसलेला. त्याच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगितलं, हसलो तेही.

तो हळूहळू वळला. "म्हणजे चूक तुझी, आणि डोकं त्याचं?"

"होय."

"फोन दे त्याला."

मी दिला.

"डोकं पोळतं काय रे उन्हात?" म्हाताऱ्याने विचारलं. दादाने डोक्यावरून हात फिरवला. मी दाराशी उभा राहिलो. दादाने मला बसही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.