डब्याला वळसा

मरे ट्रेवास्किस तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. विराबी गाव आणि भोवतालच्या दोनशे किलोमीटरांत गाड्यांचं वायरिंग करणारा तो एकटाच. दवाखान्याच्या गाड्यांत, आगीच्या बंबांत कम्प्युटर आले, तेही त्यानंच बसवले. प्रत्येकाशेजारी एक काळा डबा. बॅटरी उतरायला लागली की हा डबा कम्प्युटर बंद करायचा, म्हणजे इंजिन सुरू होण्यापुरती वीज शिल्लक राहायची. "स्क्रीन विझली म्हणून बोंबलू नका. घरी पोचायचंय ना?" असं तो येईल त्याला सुनवायचा.

नर्स नोलीन मात्र त्याच्या खनपटीलाच बसली. "मरे, पेशंटची नोंद अर्धी होते न् तुझा मेला डबा डोळे मिटतो! सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"मग इंजिन चालू ठेव."

"दार उघडं, धूर पेशंटच्या नाकात. तू ये बसायला."

आठ महिने त्यानं दाद दिली नाही. जानेवारीत ती रडकुंडीला आली, तेव्हा त्यानं डब्याला वळसा घालून एक वायर जोडून दिली. "काम झालं की कम्प्युटर हातानं बंद करायचा. विसरलीस तर मेलीस."

"नाही रे बाबा विसरत."

आणि विसरली नाहीच हो ती! काम संपलंच नव्हतं. फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, चव्वेचाळीस डिग्रीच्या दुपारी, गावापासून लांब एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या क्लाइव्हच्या छातीत कळ आली. त्याची गाडी मुलगी रॉझलिन गावात घेऊन गेलेली. नोलीननं तिथं पोचून त्याला आपल्या दवाखान्याच्या गाडीत निजवलं. शहरातला डॉक्टर स्क्रीनवरून विचारत होता, ती सांगत होती, टिपत होती. दीड तासानं डॉक्टर म्हणाला, निघा. तिनं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. स्क्रीन न् वायरलेसही त्याच बॅटरीवर, दोन्ही गप्प. संपर्क तुटला म्हणून डॉक्टरनं दुसरी गाडी धाडली, ती पोचायला तीन तास लागले, तोवर क्लाइव्ह संपला होता.

चौकशीला साहेब आले. मरेनं वायर दाखवली, काही लपवलं नाही. नोलीन म्हणाली, "मीच मागे लागले होते." तिची बदली झाली. मरेला कुणी काढणार कुठून? दुसरा होताच कोण! गावानं त्याला शिव्या तरी घालायच्या होत्या. लोक मुकाट्यानं गाड्या लावून जात, आणि ते त्याला सोसवेना.

एप्रिलमध्ये रॉझलिन आली. बापाचीच गाडी घेऊन.

"बॅटरी चार्ज धरत नाहीये."

"रॉझलिन, मी तुला..."

"बोलू नकोस. दुसरीकडे जाता आलं असतं तर तुझ्या दारात पाय ठेवला नसता." ती पाठ करून उभी राहिली. "एवढंच सांग, उद्या पोरांना घेऊन निघाले तर ही सुरू होईल ना?"

त्यानं नवी बॅटरी घातली. तार न् तार तपासली. नऊ वेळा किल्ली फिरवली, नऊही वेळा गाडी सुरू झाली.

"होईल ना?" तिनं पुन्हा विचारलं.

चाळीस वर्षं हा माणूस 'हो' हे एक अक्षर दिवसातून दहादा बोलत आला होता. आता त्याची जीभ रेटेना.