दिसतोय ना फरक?

दुकानदाराने शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरवर माउसचा बाण गरगर फिरवला. "हा साधा, सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो. हा एकशे चव्वेचाळीस वेळा. दिसतोय ना फरक, काका?"

मला काडीचा फरक दिसत नव्हता. पण माझी मुलगी सई मान डोलावत होती, मागे उभे असलेले कुणी गृहस्थही डोलावत होते. मग मीही डोलावली आणि एकशे चव्वेचाळीसवाला घरी आणला.

महिनाभर मी आल्यागेल्याला तो बाण फिरवून दाखवला. सईच्या गेममधल्या गाड्या कशा लोण्यासारख्या पळतात, सिनेमातला पाठलाग कसा सलग दिसतो, सगळं ऐकवलं. त्यांनीही माना डोलावल्या.

काल सईने सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. मॉनिटर पहिल्या दिवसापासून साठवरच चालत होता. तो आकडा आपणच बदलायचा असतो म्हणे!

असा संताप आला! दुकानदाराचा नाही, स्वतःचा. साडीच्या दुकानात दोन सारख्याच निळ्यांसमोर, मैफिलीत न कळलेल्या तानेला, जन्मभर हेच करत आलो. "मला नाही हो दिसत" एवढं साधं वाक्य, पण मेलं तोंडातून निघेल तर शपथ.

सईने आकडा बदलला, बाण गरगर फिरवला.

"आता बघ, बाबा. दिसतोय ना फरक?"

मी चष्मा पुसला, पुढे सरकलो, डोळे ताणून बघू लागलो. काही दिसायच्या आतच मान डोलली होती.